आधी ओळख, मग मोल

जुने नाणे हातात पडले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो "याचे किती येतील?" हा. ते कोणी पाडले, कोठल्या टांकसाळीत पाडले, केव्हा पाडले, हे प्रश्न त्याच्या मागून येतात. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर मनाजोगते मिळाले नाही, तर पुष्कळदा येतच नाहीत. या उलट्या रीतीशी मला येथे भांडायचे आहे. भांडणासाठी मी मुद्दाम रोमन साम्राज्याची तांब्या-पितळेची नाणी निवडली आहेत. सोन्याच्या नाण्याला निदान सोन्याचा भाव तरी असतो; सराफ ते काट्यावर टाकून काहीतरी खरे सांगू शकतो. तांब्याच्या नाण्याला तो आधार नाही. त्याची ओळख पटली तर तो इतिहासाचा साक्षीदार, आणि न पटली तर मोडीच्या भावाचा तुकडा. ओळख आणि मोल यांचे नाते या गरीब नाण्यांइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगणार नाही.

पहिला भ्रम वयाचा. "दोन हजार वर्षांचे नाणे म्हणजे लाखाच्या खाली जायचेच नाही," असे छातीठोकपणे सांगणारे एक तरी गृहस्थ प्रत्येक आळीत असतात. वय म्हणजेच किंमत असती, तर सह्याद्रीचा प्रत्येक काळा दगड अनमोल ठरला असता. तो तर कोट्यवधी वर्षांचा आहे! रोमन साम्राज्य ब्रिटनपासून सीरियापर्यंत पसरलेले होते. तेथे शिपायाला पगार द्यावा लागे, भाजी-भाकरीला पैसे मोजावे लागत, स्नानगृहात शिरतानाही एखादा पैसा टाकावा लागे. आणि त्यासाठी लागणारी चिल्लर टांकसाळी शतकानुशतके पाडीत होत्या. ती कोट्यवधींनी पडली आणि लाखांनी उरली.

याचे एक उदाहरण पाहा. इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ २०१० साली एका शेतात नाण्यांनी भरलेला रांजण सापडला. त्यात ५२,५०३ नाणी होती. त्यांचे वजन सुमारे १६० किलो. तज्ज्ञांच्या समितीने या ठेव्याची किंमत ३,२०,२५० पौंड ठरवली. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण जरा भागाकार करा. नाण्यामागे सहा पौंड आणि वर दहा पेन्स! सतराशे वर्षे जमिनीखाली काढलेल्या नाण्याची सरासरी किंमत ही. आणि या सहा पौंडांतही त्या रांजणातल्या मोजक्या चांदीच्या नाण्यांचा वाटा आहेच.

उलट २००८ साली जिनिव्हाच्या एका लिलावात हेड्रियन सम्राटाच्या एका पितळी नाण्याला वीस लाख स्विस फ्रँकची बोली लागली. सम्राट तोच, धातू तोच, दर्जाही तोच. पण झिजून गुळगुळीत झालेले त्याचे भावंड काही दहा पौंडांच्या नोटांत मिळते. मग वीस लाख कशाचे? ठसा कोरणाऱ्या कारागिराच्या असामान्य हाताचे, आणि ते काम जसेच्या तसे टिकून राहिले याचे. परंतु वर्तमानपत्रात बातमी येते ती वीस लाखांची. सहा पौंडांची येत नाही. आणि मग ज्याच्या त्याच्या देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या पैशाला पंख फुटतात.

या पंखांवर पोट भरणारेही आहेत. "तुमचे जुने नाणे द्या आणि लाखो मिळवा," अशा जाहिराती आज घरोघरी मोबाइलवर येऊन पडतात. आधी थोडे 'शुल्क' भरा, मग थोडा 'कर' भरा, आणि मग वाट पाहत बसा! हा प्रकार इतका बोकाळला की अखेर २०२१ साली रिझर्व्ह बँकेला लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचा काही संबंध नाही, आमच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका. फसवणारा दोषी आहेच. परंतु ज्याने नाण्याकडे एकदाही नीट न पाहता त्याची किंमत ऐकायला कान टवकारले, त्याने त्या चोराला दार उघडून दिले, हेही म्हटले पाहिजे.

मग ओळख म्हणजे काय? ती काही पंडितांची मिरास नाही. एक बारीक तराजू, एक भिंग आणि थोडी सबुरी एवढे भांडवल पुरते.

सुरुवात नावापासूनच करावी लागते. युरोपात या सगळ्या नाण्यांना सरसकट 'ब्राँझ' म्हणतात. पण ऑगस्टसने इसवी सनापूर्वी २३ च्या सुमारास चलनाची घडी बसवली, तेव्हा सेस्टर्शियस आणि डुपाँडियस ही नाणी पितळेची केली आणि आस हे नाणे तांब्याचे. दोन आसांचा डुपाँडियस, चार आसांचा सेस्टर्शियस, आणि सोळा आसांचा चांदीचा देनारियस. सोळा आण्यांचा रुपया मोजलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब परका वाटू नये. आणि देनारियस तरी परका कोठे आहे? आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथांतला नि लेखांतला 'दीनार' हा त्याच्याच नावाचा वंशज.

सेस्टर्शियस सुमारे पंचवीस ग्रॅमचा, तळहाताला भार देणारा. आस अकरा ग्रॅमच्या आसपास. डुपाँडियस आणि आस मात्र अंगाने जवळजवळ सारखे. पितळ नि तांबे दोन्ही जमिनीत काळवंडले म्हणजे कोणते कोणते हे डोळ्यांना कळत नाही. तेथे सम्राटाचे डोके पाहायचे. नीरोच्या काळापासून डुपाँडियसवरच्या सम्राटाच्या डोक्यावर बहुधा सूर्यकिरणांसारख्या टोकदार पात्यांचा मुकुट असतो, आणि आसवर पानांची माळ. एवढ्या एका खुणेने दुप्पट किंमतीचे नाणे वेगळे काढता येते. रोमच्या बाजारातली निरक्षर म्हातारीही हेच करीत असणार.

मुखवट्याभोवती अक्षरांची ओळ धावते. शब्द तोडलेले असतात, पण ठराविक असतात. 'आय एम पी' म्हणजे इंपेरातोर; 'सी ओ एस' म्हणजे कॉन्सल, आणि त्यापुढे तो किती वेळा कॉन्सल झाला त्याचा आकडा; 'टी आर पी' म्हणजे लोकाधिकाऱ्याची सत्ता. ही सत्ता दरसाल नव्याने मोजली जाई, म्हणून तिच्यापुढचा आकडा वाचता आला की नाणे आपले वर्ष स्वतःच सांगते. मागच्या बाजूला 'एस सी' ही दोन ठळक अक्षरे असली, तर ती सेनेटच्या ठरावाची खूण. आपण ज्याला छापा-काटा म्हणून उडवतो, ते त्या काळचे सरकारी गॅझेटच होते.

पुढची नाणी तर महागाईचा इतिहास तोंडपाठ म्हणून दाखवतात. २१५ साली कॅराकॅलाने दोन देनारियसांचे म्हणून चांदीचे एक नाणे काढले. साठ वर्षांच्या आत त्यातली चांदी शेकड्याला पाचाच्याही खाली गेली. तांब्याच्या चकतीवर चांदीचे पातळ पुट. आपल्या पातेल्यावरची कल्हई उडावी तसे ते उडे आणि आतले तांबे उघडे पडे. २९४ च्या सुमारास डायोक्लेशियनने दहा ग्रॅमचे भरदार नवे नाणे काढून अब्रू सावरली. पण अर्धशतक उलटायच्या आत त्याच्या वंशातले नाणे दोन ग्रॅमच्याही खाली उतरले होते. अर्थशास्त्राचे जाडजूड पुस्तक जे शंभर पानांत सांगते, ते अशी दोन नाणी शेजारी शेजारी ठेवली की पोरालाही कळते.

कॉन्स्टंटाइनच्या काळचे एक अगदी सामान्य नाणे घ्या. मागे दोन शिपाई उभे, मध्ये सैन्याचे निशाण. आता निशाणे मोजा. दोन असतील तर नाणे ३३० ते ३३५ मधले. एकच असेल तर त्यानंतरचे, ३४१ पर्यंतचे. खाली पायरीजवळ बारीक अक्षरे आहेत, ती टांकसाळीची: 'टी आर' म्हणजे ट्रियर, 'एस आय एस' म्हणजे सिसिया, 'ए एन टी' म्हणजे अँटिओक. चौथ्या शतकाच्या दुसऱ्या काही नाण्यांवर 'ए यू जी' या अक्षरांतला 'जी' दोनदा किंवा तीनदा येतो. दोन 'जी' म्हणजे दोन सम्राट, तीन 'जी' म्हणजे तीन. एवढ्या नखाएवढ्या तुकड्यावर राजा, साल, शहर आणि राज्याची वाटणी! हे सगळे वाचून झाल्यावर त्याची किंमत विचारा. ती दहा-वीस पौंड निघेल. पण हे वाचलेल्या माणसाला ती ऐकून वाईट वाटणार नाही; न वाचलेल्याला मात्र आपली लूट झाल्यासारखे वाटेल.

ओळखीचा दुसरा उपयोग खोटे पकडण्याचा. पडूआचा जोव्हानी दा काव्हिनो हा सोळाव्या शतकातला कसबी कारागीर. त्याने रोमन सेस्टर्शियसच्या धर्तीवर इतकी देखणी पदके पाडली की पुढल्या कित्येक संग्राहकांनी ती अस्सल म्हणून छातीशी धरली. आजचे खोटे इतके कष्टही घेत नाही. साच्यात ओतलेले नाणे असले तर कडेला सांध्याची बारीक रेघ असते, पृष्ठावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट असतात. अस्सल नाणे ठोकून पाडलेले, म्हणून त्याच्या अक्षरांना धार असते. याहून धूर्त प्रकार म्हणजे खऱ्याच पण झिजलेल्या नाण्यावर बारीक हत्याराने केस, डोळे, अक्षरे पुन्हा कोरणे. नाणे खरे, चेहरा खोटा! ज्याने केवळ किंमत विचारली तो येथे हमखास ठकतो.

आणि आता दिवाळीच्या दिवसांत बोलायलाच हवे असे एक पाप. वसुबारसेच्या आधी घरोघर तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून लख्ख होतात. चांगली गोष्ट आहे. परंतु त्याच परातीत देव्हाऱ्यातले जुने नाणे पडते, आणि बाहेर येते ते नव्या बटणासारखे चकचकीत होऊन. घासणाऱ्या माउलीला वाटते, आपण त्याला जन्म दिला. खरे तर तिने त्याचे कातडे सोलले. शतकानुशतके जमिनीत राहून धातूवर जे घट्ट, गुळगुळीत, हिरवे-तपकिरी पुट चढते, ते नाण्याचे रक्षण करते. अक्षरांचे बारकावे पुष्कळदा त्या पुटातच टिकलेले असतात. चिंचेच्या आंबटाने ते एका क्षणात जाते आणि पुन्हा येत नाही. जाणता संग्राहक अशा सोललेल्या नाण्याकडे ढुंकून पाहत नाही. मात्र हिरवे ते सगळेच चांगले असेही नव्हे. फिकट हिरवी, बोटाला लागणारी पूड दिसू लागली तर तो धातूचा रोग समजावा. क्षारामुळे तो जडतो आणि दमट हवेत बळावून नाण्याला खड्डे पाडतो. असे नाणे वेगळे, कोरड्या जागी ठेवावे आणि वस्तुसंग्रहालयातल्या जाणकाराला दाखवावे. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी कळकते हे ज्या घराला कळते, त्या घराला हे समजायला कठीण नाही.

येथवरचे भांडण घरातले होते. खरे भांडण पुढे आहे, आणि ते नाणे कोठे सापडले या एका प्रश्नावरचे आहे.

फ्रोमच्या रांजणाकडे पुन्हा वळू. धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या ज्या माणसाला तो सापडला, त्याने थोडी नाणी वर येताच हात आवरला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी रांजण जागेवरच थराथराने रिकामा केला आणि प्रत्येक थराची नाणी वेगळी ठेवली. मग काय निघाले? त्यातली सर्वांत अलीकडची नाणी करॉसियसची, म्हणजे २८६ साली रोमशी बंड करून ब्रिटनचा धनी झालेल्या आणि २९३ साली आपल्याच मंत्र्याच्या हातून मेलेल्या सेनानीची. वर्षानुवर्षे कोणी साठवण करीत गेले असते, तर ती तोंडाशी असायला हवी होती. ती बहुतेक निघाली निम्म्याहून खालच्या थरात! याचा अर्थ, रांजण थोडाथोडा भरलेला नव्हता. तो जमिनीत बसवून एकाच वेळी ओतून भरलेला होता. त्यावरून अभ्यासकांनी असा तर्क मांडला की ही भीतीने पुरलेली पुंजी नसून देवतेला वाहिलेले द्रव्य असावे. पूल ओलांडताना नदीत पैसा टाकणाऱ्या आपल्या लोकांना तो तर्क अगदीच अशक्य वाटणार नाही.

हे ज्ञान कोठे होते? ५२,५०३ पैकी एकाही नाण्यावर ते लिहिलेले नव्हते. ते नाण्यांच्या मधल्या जागेत होते. त्या माणसाने रात्रीतून रांजण उपसून नाणी सहा-सहा पौंडांनी विकली असती, तर प्रत्येक नाणे अस्सल राहिले असते, प्रत्येकाची किंमत तीच आली असती, आणि एक संपूर्ण हकिकत कायमची मेली असती.

आपल्याकडे अशा किती हकिकती मेल्या असतील? दक्षिणेत रोमचे सोने-चांदी उतरले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु चौथ्या-पाचव्या शतकातली झिजलेली, बारीक तांब्याची रोमन नाणी तमिळनाडूत करूर आणि मदुराई येथे निघाली; त्यांची दखल घेणारे आर. कृष्णमूर्तींचे पुस्तक निघाले ते १९९४ साली. तोवर अशा काळ्या चकत्यांना कोण विचारीत होते? आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर पाहा. प्राचीन व्यापारात 'तगर' म्हणून गाजलेले हे गाव. तेथे रोमन नाण्यांच्या धर्तीवर उठवलेली मातीची पदके सापडली आहेत. सातासमुद्रापलीकडच्या सम्राटाचा मुखवटा येथल्या लोकांना अंगावर मिरवावासा वाटला, याहून बोलका पुरावा कोणता? बाजारात त्या मातीला काय येणार? पण रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात निघालेल्या वस्तू जमवल्या, सांभाळल्या, आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय आज त्याच गावात उभे आहे. तेरची वस्तू तेरची म्हणून राहिली, म्हणूनच ती बोलते.

आता आमच्या कायद्याचा न्याय ऐका. १८७८ चा निखात निधीचा कायदा इंग्रजांनी केलेला. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किंमतीचे द्रव्य सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवा, नाही तर शिक्षा भोगा, असे तो बजावतो. योग्य आहे. परंतु सरकारने तो ठेवा आपल्याकडे घ्यायचा ठरवला तर मोबदला काय? मूळ कायदा सांगतो: त्यातल्या धातूची किंमत, आणि वर तिचा पाचवा हिस्सा! सोने असेल तर ठीक आहे. पण ज्या कुणब्याच्या नांगराला तांब्याच्या नाण्यांचा गाडगाभर साठा लागला, त्याला कायद्याने मिळणार मोडीचा भाव आणि वर रुपयामागे वीस पैसे. शिवाय कचेरीच्या खेपा वेगळ्या. तो तांबटाकडे गेला तर नवल काय? इंग्रजांनी स्वतःच्या देशात १९९६ साली नवा कायदा करून बाजारभावाने बक्षीस देण्याची रीत चालू ठेवली, १९९७ पासून लोकांच्या हाती लागलेल्या वस्तूंची नोंद घेणारी माणसे परगण्या-परगण्यांत नेमायला सुरुवात केली. आणि आम्ही त्यांचा टाकलेला जुना अंगरखा अजून घालून बसलो आहोत! फ्रोमचे ते सव्वातीन लाख पौंड शोधणारा आणि शेतमालक यांना निम्मे-निम्मे मिळाले, आणि रांजणातली नाणी सॉमरसेटच्या संग्रहालयात राहिली. प्रामाणिकपणा तेथे तोट्याचा धंदा ठरला नाही.

कोणी म्हणेल, "बाजार होता म्हणून तर ही नाणी वाचली, नाही तर केव्हाच वितळून त्यांची घागर झाली असती." या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मी किंमतीचा द्वेष्टा नाही. संग्राहकाने हौसेने पैसे मोजले नसते तर कितीतरी नाणी आज नसती. परंतु जो बाजार "कोठे सापडले?" हे विचारीत नाही, तो वस्तू वाचवतो आणि तिची जीभ कापतो. दुसऱ्या टोकाला काही विद्वान असे आहेत की त्यांना किंमतीचा उच्चारही विटाळासारखा वाटतो. त्यांनाही माझे उत्तर आहे: ज्याच्या शेतात नाणे निघाले त्याला न्याय द्यायचा तर किंमत ठरवावीच लागेल. किंमत ठरवण्यात पाप नाही. ती पहिल्यांदा ठरवण्यात आहे.

म्हणून मागणी थोडकी आहे. घरच्यांनी जुने नाणे चिंचेच्या परातीत टाकू नये. वजन करावे, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, आणि ते कोठून, कोणाकडून आले हे कागदावर लिहून त्याच्याजवळ ठेवावे. घेणाऱ्याने भाव करण्यापूर्वी ठिकाण विचारावे, आणि विकणारा गुळमुळीत बोलू लागला तर पाकीट खिशात परत घालावे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते खाजगी रीतीने परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात असावे. आणि सरकारने तो 'पाचवा हिस्सा' काढून टाकून शोधणाऱ्याला रास्त बाजारभाव द्यावा, आणि त्याची नोंद आपुलकीने घेणारा एक जाणता माणूस प्रत्येक जिल्ह्यात बसवावा.

लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात आपण नाणे ठेवतो, तेव्हा त्याची किंमत कोणी विचारीत नाही. त्या दिवशी गंजका तांब्याचा पैसाही मान पावतो. तो मान वर्षाचे उरलेले दिवस टिकवायचा तर पूजेपेक्षा स्वस्त आणि तिच्याहून कठीण अशी एकच गोष्ट करावी लागेल: ते नाणे भिंगाखाली धरून वाचायला बसावे लागेल.